तिसरे लेकरू कुणाच्या नावावर?

वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी आम्ही मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. वाचन आटोपले, वंदना झाली, खीर वाटली गेली आणि बायाबापड्या आपापल्या घराकडे निघाल्या. एक बाई मात्र विहाराच्या खांबाला टेकून बसून राहिली. वय असेल पस्तिशीच्या पुढचे. सगळे गेल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "सर, एक इचारू का? माझ्या लेकीला माझं नाव लावता येईल का?"

आम्हांला प्रश्न कळला नाही. शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव तर आता लागतेच, असे आम्ही म्हणालो.

"लागतं ना. पर माझं नाही, जावंचं लागलंय."

मग हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण ओळख पटली तर त्रास त्या भगिनीलाच होईल. २०१२ साली त्यांच्या वॉर्डातील जागा अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव निघाली. सातवी शिकलेली ही बाई उभी राहिली आणि निवडून आली. वस्तीत नळ आला तो तिच्यामुळे. गायरानावरील एका बड्या असामीच्या अतिक्रमणाबद्दल ग्रामसभेत पहिल्यांदा तोंड उघडले तेही तिनेच. पदरी दोन मुली होत्या. नवऱ्याचे फारसे काही म्हणणे नव्हते, पण सासूला नातू हवा होता. सासू रोज उठून बोलायची. पुढच्या वर्षी बाईला दिवस गेले.

मेंबर असताना तिसरे मूल झाले तर पद जाते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. त्यावर घरच्या पुरुषांनी तोड काढली. बाई माहेरी जाऊन बाळंत झाली, आणि जन्माची नोंद झाली ती दिराच्या आणि जावेच्या नावाने. जावेला एकच मुलगा होता, तेव्हा हिशेब बरोबर जुळला. मूल मात्र तिसरी मुलगीच झाली.

गायरानवाल्याने तक्रार केली. अंगणवाडीच्या वहीत गरोदर मातांच्या यादीत बाईचे नाव होते, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख होती. जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी झाली आणि २०१४ साली बाई अपात्र ठरली. पोटनिवडणुकीत दुसरी एक भगिनी आली. ती आपल्याच समाजाची, पण सरपंच दाखवील तेथे अंगठा करणारी. गायरानाचा विषय तेथेच संपला.

आता मजा पाहा. (मजा हा शब्द आम्ही जड मनानेच वापरतो.) एका सरकारी कागदावर ते मूल त्या बाईचे आहे, म्हणून तिचे पद गेले. दुसऱ्या सरकारी कागदावर ते मूल तिचे नाही, म्हणून तिला आईपण नाही. दोन्ही कागदांवर शिक्के आहेत.

खोटी नोंद करणे चूकच होते. आम्ही त्या भगिनीलाही तसे तोंडावर सांगितले. परंतु एका शेतमजूर बाईवर ही पाळी का आली, याचा विचार करताना आम्हांला लोकसंख्येच्या धोरणाचा सगळा इतिहास पुन्हा चाळावा लागला. त्या इतिहासात आपल्या समाजाचे स्थान दोन्ही बाजूंना आहे. संततिनियमनाचा पुरस्कार अगदी सुरुवातीला ज्यांनी केला त्यांत आपण आहोत, आणि त्याच्या नावाखाली ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांतही आपण आहोत.

१९३८ चा ठराव

आजच्या तरुण वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल की मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तो स्वतंत्र मजूर पक्षाकडून. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला. त्यामागचे भाषण पूज्य बाबासाहेबांनी तयार केले होते. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्यासाठी लोकांना साधने व सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी ती मागणी होती. कुणाला पकडून आणा किंवा कुणाचे हक्क काढून घ्या असे त्यात नव्हते. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते, मुले अशक्त निपजतात, आणि नको असताना आलेले गर्भारपण टाळण्याचा अधिकार स्त्रीला असला पाहिजे, असा विचार त्यात होता. सभागृहाने तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला. धर्म बुडेल, नीती बिघडेल, हे नेहमीचे आक्षेप होतेच.

त्यापूर्वी चार वर्षे, १९३४ मध्ये, र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणारे बॅरिस्टर बाबासाहेबच होते. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. पांढरपेशा समाज त्यांच्या सावलीला उभा राहायला तयार नव्हता. त्या काळी त्यांची बाजू कोर्टात मांडायला कोण उभे राहिले, हे विसरता येत नाही.

बाबासाहेबांना हे सगळे पुस्तकांतूनच कळले होते असे नाही. माता रमाईंना पाच मुले झाली, त्यांतील चार बालपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला. पोटात वाढवायचे, अंगावर पाजायचे आणि मग मातीत ठेवायचे, हे दुःख त्यांच्या घरातच होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेत बाबासाहेबांनी मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि भाराभर मुले जन्माला घालू नका, असे स्त्रियांना स्पष्ट बजावले. ज्या समाजात वर्षाआड पाळणा हलणे हे भाग्य समजले जात होते, त्या समाजातील बायकांनी ते ऐकून घेतले. नुसते ऐकले नाही, घरी जाऊन पाळलेही.

एक गोष्ट मात्र आम्ही लपवणार नाही. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला. त्यात संततिनियमनाच्या प्रचाराबरोबर आणि दवाखान्यांबरोबर, गरज पडल्यास अधिक कडक उपायांचाही पुरस्कार करण्याची तयारी दाखवलेली आहे. आजचे सक्तीवाले कधी कधी हे वाक्य आपल्या तोंडावर फेकतात. फेकू द्या. हा मजकूर लिहिला गेला तेव्हा या देशात सरकारने एकाही माणसाला धरून नेलेले नव्हते. पंचवीस वर्षांनी काय झाले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे, आणि पाहिल्यावर तरी मत बनवायला आपण मोकळे आहोत.

कोट्याचे दिवस

१९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा तो जगातला पहिला देश. पहिली काही वर्षे कार्यक्रम कागदावरच होता. साठीच्या दशकात लाल त्रिकोण आला, १९६८ मध्ये निरोध आला, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर दोन-तीन मुलांचे हसरे कुटुंब रंगवले गेले. मग शिबिरे आली. केरळातील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मध्ये एकाच महिन्याच्या शिबिरात ६३,४१८ जणांची नसबंदी झाली. येणाऱ्याला पैसे आणि भेटवस्तू मिळत. सरकारी अधिकाऱ्यांचे डोळे या आकड्याने दिपले. आणि मग आकडा हेच काम होऊन बसले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्राने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले आणि राज्यांना सक्तीचे कायदे करण्याची मुभा दिली. ही मुभा घेण्यात आपला पुरोगामी महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. तीन मुले असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे, न केल्यास तुरुंगात टाकणारे विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. फुले, कर्वे आणि आंबेडकरांच्या भूमीत हे घडले.

कायदा नसतानाही काम थांबले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आदल्या वर्षीच्या तिपटीहून जास्त. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. ६ नोव्हेंबर १९७६ च्या पहाटे हरियाणातील उटावड या गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना उचलून नेले. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीतून रस्त्यावरची माणसे गाडीत घालून नेल्याच्या तक्रारी झाल्या. नंतर नेमलेल्या शहा आयोगापुढे नसबंदीशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद आली.

आमचे चुलते तेव्हा एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्यांना चार मुले होती. "केस आणा नाहीतर स्वतः केस व्हा," असे मुकादमाने सांगितले. दोन महिने पगार थांबला. घरात ज्वारी उसनवारीवर चालली होती. शेवटी एक दिवस चुलते दवाखान्यात जाऊन आले, पडवीत घोंगडीवर पडून राहिले आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. ऑपरेशनचे दुःख नव्हते त्यांना. चार लेकरे पुरेत असे ते स्वतःच म्हणायचे. पण आपल्याला जनावरासारखे दावणीला नेले, ही टोचणी मरेपर्यंत गेली नाही. आणि नगरपालिकेतल्या वरच्या खुर्च्यांवर बसलेल्या, तितकीच मुले असणाऱ्या साहेबांपैकी कुणाचा पगार थांबल्याचे त्यांनी ऐकले नव्हते. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना 'केसेस'चा कोटा होता. तो कोटा कुणाकडून भरून घेतला गेला असेल? ज्याला नाही म्हणता येत नव्हते त्याच्याकडून. म्हणजे गरिबाकडून, दलित-आदिवासींकडून, मुसलमानांकडून.

पुरुष सुटला, बाई सापडली

१९७७ मध्ये सरकार पडले. कार्यक्रमाचे नाव कुटुंबनियोजनाऐवजी कुटुंबकल्याण झाले. राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला, तो असा की पुरुषाच्या अंगाला हात लावू नये. हात लावायचा तर बाईच्या लावावा, ती मतपेटीतून सूड घेत नाही. वास्तविक पुरुषाची नसबंदी ही सोपी शस्त्रक्रिया आहे. बाईचे मात्र पोट उघडावे लागते, मग ते टाक्याचे असो वा बिनटाक्याचे. तरीही १९७६-७७ मध्ये दर चार शस्त्रक्रियांत तीन पुरुषांच्या होत्या, आणि आज शंभरात पंचाण्णवांहून जास्त स्त्रियांच्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदी झालेल्या आढळल्या. पुरुष नसबंदीवर अवलंबून असणारी जोडपी ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे, बहुतेकींचे पंचविशीच्या आसपास.

कोटा १९९६ मध्ये कागदोपत्री रद्द झाला. १९९४ च्या कैरो परिषदेत भारताने सक्ती नको हे तत्त्व मान्य केले होते. २००० सालच्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणातही स्वेच्छा आणि माहितीपूर्ण संमती हेच शब्द आहेत. शब्द छान आहेत. पण बिहारच्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेच्या इमारतीत, रात्री बॅटरीच्या उजेडात, दोन तासांत ५३ स्त्रियांची ऑपरेशने झाली. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या खासगी दवाखान्यात काही तासांत ८३ स्त्रियांना टेबलावर घेतले गेले. त्या शिबिरांच्या मालिकेत १३ जणी दगावल्या. मेलेल्यांत दलित, आदिवासी, मागासवर्गीय घरांतल्या तरुण आया होत्या. बाईला ६०० रुपये मिळायचे होते.

अररियाच्या प्रकरणावरून देविका बिस्वास यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरांची पद्धत बंद करा, संमतीपत्र बाईला समजेल अशा भाषेत समजावून सांगा, आणि नसबंदीसाठी कोटे ठरवू नका असे आदेश दिले. हा निकाल आपल्या महिला मंडळांनी वाचला पाहिजे. त्याचा उपयोग आहे.

दोनच अपत्यांची अट

आता पुन्हा त्या खांबाला टेकून बसलेल्या भगिनीकडे येऊ. आज जबरदस्ती गाडी घेऊन येत नाही, ती अर्जाच्या रकान्यातून येते.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीची पायरी चढू दिली नाही त्यांना राखीव जागा मिळाल्या, स्त्रियांना मिळाल्या. आणि त्याच दशकात काही राज्यांनी दोनहून अधिक मुले असणाऱ्यांना पंचायतीची दारे बंद करण्याचा नियम केला. दार उघडले आणि लगेच उंबरा उंच केला. महाराष्ट्रात ही अट लागू झाली आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेले तिसरे मूल सदस्याला अपात्र करू लागले. २८ मार्च २००५ पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचे नियम आले. आमदार आणि खासदार यांना मात्र ही अट नाही. ग्रामपंचायतीच्या मेंबराने आदर्श घालून द्यायचा, आणि कायदा करणाऱ्याने नाही, यातले तर्कशास्त्र आम्हांला अजून कुणी समजावून दिलेले नाही.

हरियाणाच्या अशाच कायद्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये जावेद खटल्यात न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण पुढे काही वर्षांतच खुद्द हरियाणाने तो मागे घेतला. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि हिमाचल प्रदेश यांनीही घेतला. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये तो रद्द केला आणि तेथील मुख्यमंत्री आता जास्त मुलांना जन्म द्या म्हणून सांगत आहेत. महाराष्ट्र आपल्या जागी घट्ट आहे.

मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र या राज्यांत निर्मला बुच यांनी या अटीच्या परिणामांचा अभ्यास केला. पद टिकवण्यासाठी बायको सोडून देणे, मूल दुसऱ्याच्या नावावर करणे, नोंदच न करणे, नको असताना गर्भपात करायला लावणे, हे सगळे त्यात आढळले. अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय यांचे प्रमाण मोठे होते. म्हणजे आमच्या भगिनीच्या घरात जे घडले ते काही जगावेगळे नव्हते. ओडिशातील एका आदिवासी सरपंचाने तर आपले मूल दत्तक दिले होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूल दत्तक दिले तरी जन्म झालेलाच असतो, पद जाणारच.

आणि यात किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार मुळात बाईला असतो असे धरून चालले आहे. आमच्या भगिनीला तिसरे मूल नको होते. नातू हवा होता तो सासूला. अपात्र झाली ती सून.

दोनचीच मर्यादा आणि त्यात एक तरी मुलगा हवाच, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते जनगणनेने दाखवले. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, याचा अभिमान आपण सांगतो. पण सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. केवळ दोन अपत्यांच्या अटीमुळे हे झाले असे आम्ही म्हणत नाही. मशीन, डॉक्टर, हुंडा, सगळे आहेच. पण मुलगा होईपर्यंत थांबणार नाही म्हणणाऱ्या घराला सरकारने गिनती घालून दिली, आणि घराने त्या गिनतीत बसण्यासाठी मुलींनाच वगळले.

योजनांचेही तसेच. जननी सुरक्षा योजनेचे पैसे महाराष्ट्रासारख्या राज्यांत २०१३ पर्यंत पहिल्या दोन बाळंतपणांनाच मिळत आणि तेही १९ वर्षांवरील मातेला. ज्या पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी लावून दिले, जिचे तिसरे बाळंतपण आहे, तिचाच जीव जास्त धोक्यात, आणि तिलाच मदत नाही. ती अट गेली. २०१७ च्या मातृवंदना योजनेत प्रथम एकाच अपत्याला लाभ होता, नंतर दुसरी मुलगी असेल तर तिला दिला गेला. २०२३ ची लेक लाडकी योजना चांगली आहे, तिचा लाभ आपल्या वस्तीतील पिवळ्या व केशरी कार्डवाल्यांनी जरूर घ्यावा. तिच्यात दुसऱ्या बाळंतपणानंतर माता किंवा पिता यांपैकी एकाने शस्त्रक्रिया करावी असे आहे. माता किंवा पिता. तेव्हा बंधूंनो, आपल्या घरात यांपैकी दवाखान्यात कोण गेले?

वाढले कोण, घटले कोण

व्याख्यानांतून आणि टी.व्ही.वरून अजूनही लोकसंख्येच्या स्फोटाची भीती घातली जाते, आणि बोट कुणाकडे तरी दाखवले जाते. कधी मुसलमानांकडे, कधी झोपडपट्टीकडे. वास्तविक महाराष्ट्रात एका स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ वर आले. देशाचे ३.४ वरून २.० वर. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागते. अनुसूचित जातींचे प्रमाण २.०८ आहे, म्हणजे तेही त्या रेषेखाली आलेले आहेत. आणि बौद्धांचे १.३९. त्या पाहणीत दिलेल्या सर्व धर्मीयांत सर्वांत कमी! २०११ च्या जनगणनेत बौद्धांची दहा वर्षांतील वाढ अवघी ६.१ टक्के होती, देशाची १७.७ टक्के. त्याला इतरही कारणे असतील, जनगणनेत धर्माच्या रकान्यात बौद्ध न लिहिणारे आपल्यात कमी नाहीत. तरी एक गोष्ट साफ आहे. मुलीला शाळेत घातले, लग्न पुढे ढकलले, लेकरू जगेल याची खात्री झाली, आणि पाळणा आपोआप लांबला. हे करायला कुणाचा पगार थांबवावा लागला नाही. केरळने जे केले तेच आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या मुलींनी केले. चीनने १९८० ते २०१५ एका अपत्याची सक्ती चालवली आणि आज तोच देश तीन मुले होऊ द्या म्हणून लोकांना विनवतो आहे.

आता काही कामाच्या गोष्टी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, भूल फक्त त्या जागेपुरती देतात, त्याच दिवशी माणूस घरी येतो. अंगमेहनतीला किंवा पुरुषत्वाला तिने काही होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते. हे न केल्याने पुष्कळ घरांत नंतर बायकोवर संशय घेतला गेला आहे. स्त्रियांसाठी सरकारी दवाखान्यात आता तांबी, तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन, आठवड्याची 'छाया' गोळी मोफत मिळते. 'ऑपरेशनच करून घे' असे कुणी म्हणाले तर इतर साधने कोणती आहेत हे विचारण्याचा हक्क आहे. संमतीपत्र वाचून घ्यावे, त्याची प्रत मागावी. ऑपरेशन फसले, गुंतागुंत झाली किंवा दुर्दैवाने मृत्यू झाला तर सरकारी नुकसानभरपाईची योजना आहे, आणि तिच्यासाठी कागद जपून ठेवावे लागतात. शस्त्रक्रियेचा दाखला रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

त्या भगिनीला आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत आहे का असे विचारले. ती घरी जाऊन घेऊन आली. दोन घड्या घातलेला, कडा काळ्या पडलेला कागद. त्यात स्पष्ट लिहिले आहे की सदर अपत्य हे सदर सदस्येचेच आहे. ज्या कागदाने तिचे पद नेले तोच कागद तिची मुलगी परत आणून देऊ शकतो, असे आम्हांला वाटले. तालुक्याच्या ठिकाणी आपले एक वकील बंधू आहेत, त्यांच्याकडे तिला पाठवले आहे. त्यांनी अर्ज तयार केला. पण जावेचे प्रतिज्ञापत्र हवे, आणि खोट्या नोंदीबद्दल आपल्यावर काही येईल म्हणून जाऊ घाबरते आहे. दीर म्हणतो, चाललंय ते चालू द्या.

मुलगी सातवीत आहे, वर्गात पहिली-दुसरी येते. तिला सगळे माहीत आहे. घरी ती आई म्हणते, शाळेत काकू म्हणते. पालकसभेला बाईच जाते, कारण जावेला वेळ नसतो. वहीत सही करताना नात्याच्या रकान्यात ती 'काकू' असे लिहिते. तिचे अक्षर चांगले आहे, ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगवर सह्या करून वळण लागलेले.